कर्नलमधली चूक पकडायची, तर रॅम किती मोजायची?

वरुड-मोर्शीकडच्या संत्राबागेत ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारा ५१२ एमबी रॅमचा लिनक्स बोर्ड घ्या. तो मधूनच अडकतो, आणि टेबलावर आणला की नीट चालतो. दोष बागेतच दिसतो, म्हणून तपासही तिथेच चालू ठेवावा लागतो. त्यासाठी रॅम किती खर्ची घालायची, याचं उत्तर २००७ पासून बरंच बदललं आहे.

त्या वर्षी लिनक्स कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) २.६.२२ आवृत्तीत स्लब अ‍ॅलोकेटर आला. तो कर्नलला मेमरीचे तुकडे, म्हणजे ऑब्जेक्ट, वाटून देतो. slub_debug हा बूट पर्याय (सुरू होताना कर्नलला द्यायची सूचना) दिला की प्रत्येक ऑब्जेक्टला राखीव कडा लागते, मोकळी केलेली जागा ०x६b ने भरली जाते आणि ती कोणी मागितली, कोणी सोडली याची नोंद राहते. क्रॅशच्या नोंदीत प्रोसेसरच्या एखाद्या रजिस्टरमध्ये ६b६b६b६b दिसलं, तर सोडून दिलेली मेमरी कोणीतरी वापरली, असं समजावं. पण सरसकट चालू केल्यास ऑब्जेक्ट फुगतात, एका पानात (मेमरीच्या ४ केबीच्या भागात) कमी मावतात आणि काही कॅशना (एकाच प्रकारच्या ऑब्जेक्टच्या साठ्यांना) सलग मोठी जागा लागते. ती लहान बोर्डावर मिळत नाही. म्हणून slub_debug=FZPU,kmalloc-64 असं संशयित कॅशपुरतंच चालू करावं (FZPU ही तपासण्यांची अक्षरं, kmalloc-64 हे कॅशचं नाव).

२००९ मध्ये, २.६.३१ ला, केमेमलीक (न सोडलेली मेमरी शोधणारा) आणि केमेमचेक (काही न लिहिताच वाचलेली मेमरी पकडणारा) सोबतच आले. केमेमचेकला मेमरी दुप्पट लागायची आणि तो एकाच सीपीयूवर चालायचा, ४.१५ मध्ये तो काढून टाकला.

२०१५ च्या ४.० मधल्या कासानने (मेमरीचा प्रत्येक वापर तपासणाऱ्या साधनाने) दर ८ बाइटमागे १ बाइट सावली-मेमरी ठेवली, म्हणजे कोणती जागा वापरायला वैध आहे याची नोंद. आपल्या बोर्डावर ६४ एमबी तिथेच गेले. राखीव कडा आणि फुगलेली कर्नल इमेज वेगळी. शिवाय प्रत्येक वाचन-लेखनाला तपासणी जोडल्याने वेळेचं गणित बदलतं आणि वेळेवर अवलंबून असलेली चूक दडून बसते. टेबलावर कासानसारखं साधन नाही, बागेत मात्र ते नको. २०१९ च्या ५.० मध्ये एआरएम६४ साठी हा खर्च १/१६ वर आला. ५.११ मधल्या हार्डवेअर-टॅग प्रकाराला एमटीई (प्रोसेसरमधलीच मेमरीला खुणा लावायची सोय) लागतं, ते कॉर्टेक्स-ए५३ सारख्या जुन्या एआरएम प्रोसेसरमध्ये नाही.

एप्रिल २०२१ च्या ५.१२ मधल्या केफेन्स या तपासनीसाने सगळ्यावर पहारा ठेवणं सोडलं. दर १०० मिलिसेकंदांनी साधारण एकच ऑब्जेक्ट तो स्वतःच्या कुंपणात घेतो. अशा २५५ जागा, प्रत्येकीला स्वतंत्र पान आणि शेजारी पहाऱ्याचं पान (त्याला हात लागला की चूक पकडली जाते); सुरुवातीची एक जादा जोडी धरून २५६ × २ × ४ केबी, म्हणजे २ एमबी. एका बोर्डावर चूक सापडायला फार वेळ लागेल. म्हणून शिवारातल्या सगळ्या बोर्डांवर हाच कर्नल टाकावा आणि हंगामभर चालू द्यावा.

अहवाल टिकवणं हे खरं काम. रॅमूप्स ही क्रॅशच्या वेळचे संदेश जपण्याची कर्नलची सोय, पण तिची नोंद रॅममध्येच राहते. नुसतं रीबूट झालं तर वाचता येते, वीज गेली की पुसली जाते. शेतीच्या फीडरवर वीज पाळीने येते, त्यामुळे बॅटरी नसेल तर रॅमूप्सच्या भरवशावर राहू नये. केफेन्सच्या अहवालानंतर कर्नल पुढे चालू राहतो. तेवढ्यात dmesg (कर्नलचे संदेश) वाचून एसडी कार्डावर लिहिणारी सेवा ठेवावी. panic_on_warn (इशारा आला की कर्नल थांबवायची सेटिंग) मात्र ० असावं, नाहीतर अहवाल येताच कर्नल पॅनिक होईल आणि कार्डावर काहीच उतरणार नाही.