यूएसबीला सिरियल पोर्ट जोडताना येणाऱ्या अडचणी: पार्श्वभूमी

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमधली जुनी सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रे, साखर कारखान्याच्या गेटवरचा वजनकाटा, दूध संकलन केंद्रातला फॅट मोजणारा ॲनलायझर, ऑफिसच्या रॅकमधला नेटवर्क स्विच. या सगळ्यांवर अजून सिरियल पोर्ट, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारी जुनी जोडणी, सापडतो. लॅपटॉपवरून तो केव्हाच गेला. दोघांना जोडायला यूएसबी-सिरियल ॲडॅप्टर लागतो. तो चालला नाही की बहुतेक जण आधी केबल बदलतात, मग विंडोज नव्याने टाकतात आणि शेवटी दुसरा ॲडॅप्टर आणतात. त्यातही बरेचदा तीच चिप निघते. या अडचणी वेगवेगळ्या काळात घेतलेल्या निर्णयांतून आल्या आहेत, आणि कोणती अडचण कुठून आली हे कळले की तिच्यावर नेमके बोट ठेवता येते.

सिरियल पोर्ट ज्यावर चालतो ते आरएस-२३२ हे मानक अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने १९६० मध्ये आणले. टेलिप्रिंटर किंवा टर्मिनल एका टोकाला आणि मोडेम दुसऱ्या टोकाला, एवढाच त्याचा हेतू होता. १९६९ ची 'सी' आवृत्ती सर्वत्र रुजली. तिच्यात तर्कातला १ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि ० म्हणजे अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट. आजच्या मायक्रोकंट्रोलर बोर्डांवरची सिरियल लाइन मात्र ० आणि ३.३ किंवा ५ व्होल्टवर चालते, आणि तिच्यात १ चा अर्थही उलट, म्हणजे अधिक व्होल्टचा. बाजारात दोन्ही प्रकारचे ॲडॅप्टर 'यूएसबी टू सिरियल' याच नावाने मिळतात. नऊ पिनांचा कनेक्टर असलेला ॲडॅप्टर थेट बोर्डाच्या पिनांना जोडला तर बोर्ड जळू शकतो. सुट्या पिनांचा टीटीएल (म्हणजे ० आणि ३.३ किंवा ५ व्होल्टवरचा) ॲडॅप्टर वजनकाट्याला जोडला तर कचरा अक्षरे येतात किंवा काहीच येत नाही. दोन्हींच्या मधे मॅक्स२३२ सारखी लेव्हल बदलणारी चिप लागते. ती एका ५ व्होल्टच्या पुरवठ्यातून, बाहेरच्या चार कपॅसिटरांच्या मदतीने, अधिक-उणे दोन्ही व्होल्टेज तयार करते.

तपासणी सोपी आहे. टर्मिनल प्रोग्रॅममध्ये (पोर्टवर अक्षरे पाठवणारा व वाचणारा प्रोग्रॅम) पोर्ट उघडा, मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर लावा, काळी तार पिन ५ ला आणि लाल तार पिन ३ ला. काहीही पाठवत नसताना उणे ५ ते उणे १२ व्होल्ट दिसले पाहिजेत. शून्य किंवा अधिक ३.३ दिसले तर तो ॲडॅप्टर खऱ्या आरएस-२३२ चा नाही. उणे ५ च्या आसपासचे स्वस्त ॲडॅप्टर बहुतेक उपकरणांशी बोलतात. पण जी उपकरणे आरटीएस किंवा डीटीआर या पोर्टच्या नियंत्रण-लाइनमधूनच वीज घेतात, उदाहरणार्थ आरएस-४८५ या दुसऱ्या सिरियल मानकाचे काही कन्व्हर्टर, ती त्यांच्यावर उपाशी राहतात.

दुसरा वारसा १९८१ च्या आयबीएम पीसीचा. त्यात नॅशनल सेमीकंडक्टरची ८२५० ही यूएआरटी (सिरियल पोर्ट चालवणारी) चिप होती आणि तिला १.८४३२ मेगाहर्ट्झचे घड्याळ दिले होते. त्याला १६ ने भागले की येतात १,१५,२००. हाच आकडा पुढे पीसीच्या सिरियल पोर्टचा कमाल वेग (बिट प्रति सेकंद) म्हणून सगळीकडे गेला. पहिल्या सिरियल पोर्टचा, म्हणजे कॉम१ चा, पत्ता सोळा-आधारी ३एफ८, कॉम२ चा २एफ८. बायोसमधून जाणे संथ पडे, म्हणून डॉसचे प्रोग्रॅम थेट त्या पत्त्यांवर लिहीत. यूएसबी ॲडॅप्टर त्या पत्त्यावर राहतच नाही. तो फक्त ड्रायव्हरने निर्माण केलेले एक नाव असतो. यंत्रासोबत आलेले जुने डॉस सॉफ्टवेअर ॲडॅप्टरवर चालत नाही ते यामुळे. डॉसबॉक्समध्ये (आजच्या संगणकावर डॉसचे प्रोग्रॅम चालवणारे सॉफ्टवेअर) सिरियल१ साठी 'डायरेक्टसिरियल' निवडून खऱ्या कॉम पोर्टचे नाव दिले तर त्यातले बरेच प्रोग्रॅम चालतात.

नऊ पिनांचा कनेक्टर १९८४ च्या पीसी-एटीबरोबर आला. त्याआधीचा पंचवीस पिनांचा कनेक्टर सीएनसी यंत्रांवर अजून दिसतो, आणि इथे एक फसगत ठरलेली: नऊ पिनांत २ म्हणजे घेणे व ३ म्हणजे पाठवणे, तर पंचवीस पिनांत २ म्हणजे पाठवणे आणि ३ म्हणजे घेणे. ग्राउंड एकीकडे ५, दुसरीकडे ७.

यूएसबी १.० जानेवारी १९९६ मध्ये जाहीर झाले, १.१ सप्टेंबर १९९८ मध्ये. त्याच वर्षी ॲपलने आयमॅकवरून जुने सिरियल पोर्ट काढून टाकले आणि ॲडॅप्टरांची बाजारपेठ उभी राहिली. यूएसबीच्या मानकात संपर्क-उपकरणांसाठी सीडीसी नावाचा वर्ग होता, पण तो मोडेम डोळ्यांपुढे ठेवून रचलेला. शिवाय विंडोजमध्ये सीडीसीचा ड्रायव्हर असला तरी प्रत्येक उपकरणासाठी वेगळी आयएनएफ (कोणत्या उपकरणाला कोणता ड्रायव्हर हे सांगणारी) फाइल द्यावी लागे. ही अट विंडोज १० मध्ये, २०१५ साली, सुटली. त्यामुळे चिप बनवणाऱ्यांनी आपापली भाषा आणि आपापला ड्रायव्हर काढला. स्कॉटलंडची एफटीडीआय, तैवानची प्रोलिफिक, अमेरिकेची सिलिकॉन लॅब्ज आणि चीनमधली डब्ल्यूसीएच ही त्यातली मुख्य नावे. माझ्या मते सगळ्या कटकटीचे मूळ इथे आहे. कीबोर्ड-माउसला जसा एकच सामायिक ड्रायव्हर मिळाला तसा सिरियलला वेळेवर मिळाला नाही.

म्हणून सुरुवात चिप ओळखण्यापासून करावी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडीज. व्हीआयडी, म्हणजे उत्पादकाचा क्रमांक, ०४०३ असेल तर एफटीडीआय, ०६७बी म्हणजे प्रोलिफिक, १०सी४ म्हणजे सिलिकॉन लॅब्ज, १ए८६ म्हणजे डब्ल्यूसीएचची सीएच३४० किंवा तिची भावंडे. डबीवर छापलेल्या ब्रँडपेक्षा हे चार आकडे खरे. ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्यावा. सोबत येणाऱ्या छोट्या सीडीतला नको: ६४ बिट विंडोजला व्हिस्टापासून स्वाक्षरी असलेलाच ड्रायव्हर लागतो, आणि त्या सीड्यांत बरेचदा त्याआधीचा माल असतो.

प्रोलिफिकच्या पीएल२३०३ ची कहाणी सगळ्यांत जास्त लोकांना छळते. ही चिप स्वस्त आणि लोकप्रिय होती, म्हणून तिच्या नकला भरमसाट निघाल्या. कंपनीने ड्रायव्हरमध्येच तपासणी घातली. नक्कल दिसली की ड्रायव्हर सुरूच होत नाही आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण व 'कोड १०' येतो. पुढे एचएक्सए, एक्सए या जुन्या चिपा २०१२ पासून बंद केल्याचे जाहीर झाले आणि नव्या ड्रायव्हरांत त्यांचा आधारही काढला. उपकरणाच्या नावाच्या जागीच 'पीएल२३०३एचएक्सए २०१२ पासून बंद, पुरवठादाराशी संपर्क साधा' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य झळकते. म्हणजे ज्याने अस्सल चिप घेतली तोही अडला. नकलांवर कंपनीचा राग रास्त होता. पण फटका बसतो तो ॲडॅप्टर विकत घेणाऱ्याला, ज्याला आतली चिप पारखण्याचा काही मार्ग नव्हता.

रूढ उपाय म्हणजे ३.३.२.१०५ हा जुना ड्रायव्हर. तो बसवून झाल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउज माय कॉम्प्युटर', मग उपलब्ध ड्रायव्हरांच्या यादीतून निवडण्याचा पर्याय, आणि तिथे तारखेपेक्षा आवृत्तीचा आकडा पाहून जुना ड्रायव्हर निवडायचा. काही दिवसांनी विंडोज अपडेट नवा ड्रायव्हर परत आणतो आणि चालू यंत्र बंद पडते. त्या वेळी हीच निवड पुन्हा करावी लागते. ज्या संगणकावर रोजचे उत्पादन अवलंबून आहे तिथे हे करत बसू नये, वेगळ्या चिपचा ॲडॅप्टर घ्यावा.

एफटीडीआयने याहून कडक पाऊल उचलले होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून गेलेला तिचा ड्रायव्हर नकली एफटी२३२ चिपांचा प्रॉडक्ट आयडी खोडून ०००० करत असे. त्यानंतर ते ॲडॅप्टर दुसऱ्या संगणकावरही ओळखले जाईनात. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. २०१६ च्या ड्रायव्हरने आयडीला हात लावला नाही, पण नकली चिपेकडून आलेल्या डेटाच्या जागी 'नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड!' ही अक्षरे घुसवली. वजनकाट्याच्या पडद्यावर वजनाऐवजी असे काही दिसले तर काटा ठीक आहे, चिप नकली आहे.

लिनक्समध्ये या चारही कंपन्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असतात, त्यामुळे ॲडॅप्टर लावताच 'टीटीवायूएसबी०' दिसतो. तरी 'परमिशन डिनाइड' आले तर वापरकर्त्याला 'डायलआउट' गटात घालून लॉगआउट-लॉगइन करावे. उबुंटू २२.०४ मध्ये सीएच३४० दिसून लगेच नाहीसा होतो, कारण ब्रेल उपकरणांसाठीचा 'बीआरएलटीटीवाय' हा प्रोग्रॅम तोच आयडी आपला समजून ताबा घेतो. त्या संगणकावर ब्रेल वापरणारे कोणी नसेल तर तो काढून टाकावा.

विंडोजवर कॉम क्रमांकांचाही घोळ आहे. अनुक्रमांक नसलेली चिप प्रत्येक नव्या यूएसबी भोकात नवे उपकरण ठरते आणि नवा क्रमांक घेते. असे करत कॉम१७ पर्यंत पोचलेला ॲडॅप्टर कॉम४ पर्यंतच पाहणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरला दिसत नाही. 'शो हिडन डिव्हाइसेस' चालू करून फिक्या रंगाचे जुने पोर्ट काढा, मग पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, आणि तिथे हवा तो क्रमांक द्या. ॲडॅप्टर नेहमी त्याच भोकात लावा.

यंत्राला जोडण्याआधी पिन २ आणि ३ तारेच्या तुकड्याने जोडून टर्मिनलमध्ये टाइप करावे. फ्लो कंट्रोल (समोरच्याला थांबवण्याची सोय) 'नन', लोकल एको (टाइप केलेले प्रोग्रॅमनेच दाखवणे) बंद. टाइप केलेले परत दिसले तर चिप आणि ड्रायव्हर ठीक आहेत, पुढचा शोध केबल आणि सेटिंगमध्ये घ्यायचा. पटी (PuTTY) या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये फ्लो कंट्रोल मुळात एक्सऑन/एक्सऑफ, म्हणजे 'चालू'-'थांब' सांगणारी खास अक्षरे, असे असते हे ध्यानात ठेवावे. स्विचच्या कन्सोलला बहुधा ९६०० वेग, ८ बिट, पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट आणि फ्लो कंट्रोल नाही, हे चालते.

सीएनसीचे प्रकरण वेगळे. फॅनुक कंपनीच्या जुन्या कंट्रोलवर अनेकदा ४८००, ७ बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट ही सेटिंग असते, आणि प्रोग्रॅम घेताना यंत्र एक्सऑफ पाठवून संगणकाला थांबवते. थांबायला सांगितल्यावर दहा अक्षरांच्या आत पाठवणे बंद झाले नाही तर ०८७ हा बफर ओव्हरफ्लोचा अलार्म येतो. मूळ पीसीच्या यूएआरटीला हे सहज जमे. यूएसबी ॲडॅप्टरमध्ये एक्सऑफ आधी यूएसबीवरून संगणकात जातो, ड्रायव्हर तो वाचतो, आणि तोवर चिपच्या बफरमध्ये भरून ठेवलेली अक्षरे यंत्राकडे जातच राहतात. एफटीडीआयच्या चिपेत पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमधला लेटन्सी टायमर (आलेली अक्षरे संगणकाकडे पाठवण्याआधी चिप किती थांबते तो वेळ) मुळात १६ मिलिसेकंद असतो. तो १ वर आणल्याने उत्तर लवकर पोचते. खरा उपाय म्हणजे एक्सऑफ स्वतः ओळखून जागीच थांबणारी चिप, उदाहरणार्थ एफटी२३२आर, आणि सॉफ्टवेअरमध्ये एक्सऑन/एक्सऑफ नक्की चालू. तरी अलार्म येत राहिला तर वेग २४०० वर आणावा, किंवा डेस्कटॉप असेल तर पीसीआय एक्सप्रेसचे सिरियल कार्ड टाकावे. जोडणी करताना यंत्र बंद ठेवावे आणि लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवावा. दोन्हीकडच्या अर्थिंगमधला फरक सिरियल केबलच्या ग्राउंडमधून वाहिला तर ॲडॅप्टरच नव्हे, यंत्राचा पोर्टही जातो.