सुतार आबा फौजेत कसे गेले

गावात माझ्या आजोबांना, आबांना, सगळे फौजी म्हणायचे, १५ ऑगस्टला शाळेत झेंड्यासमोर पहिली खुर्ची त्यांचीच असायची, पण त्यांना कोणी विचारलं की म्हणायचे मी सुतार. आता पणतवंडं विचारतात सुताराला मिलिटरीत कशाला घेतलं, म्हणून थोडं मागचं सांगतो.

आमच्या सातारा भागात सुतार म्हणजे बारा बलुतेदारांतला एक. वर्षभर गावाची औतं भरायची, नांगर कुळव पाभर मोडलं की नीट करून द्यायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुत्याचं धान्य आणायचं, रोख पैसा जवळजवळ नाहीच. पाऊस गेला की कुणब्याचं खळं रिकामं आणि मग आमचीही कणगी रिकामी. त्यात १९१० ला किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला, लोखंडी नांगर गावोगाव यायला लागले, शेतकऱ्याचं भलंच झालं पण सुताराचं मोठं काम हळूहळू गेलं.

मग दुसरं महायुद्ध. हिंदुस्थानी फौज वाढत वाढत २५ लाखांवर गेली आणि तिला नुसते बंदूकवाले नाही तर कारागीरही लागत होते. खडकीचे बॉम्बे सॅपर्स म्हणजे फौजेचे रस्ते करणारे, पूल बांधणारे, सुरुंग काढणारे. आबा १९४३ ला तिथे सुतार म्हणूनच भरती झाले. तिथे बेली पूल असायचे, म्हणजे सुटे लोखंडी भाग जोडून उभे करायचे फौजी पूल. त्याचं एक पॅनेल साधारण २६० किलोचं, सहा जणांनी मिळून उचलायचं, सांगाडा सगळा लोखंडी पण वर गाड्या जायच्या त्या लाकडी फळ्यांवरून. त्या फळ्यांबद्दल आबा तासभर बोलायचे, लढाईबद्दल फार कमी. याच सॅपर्समधले कारवारकडचे रामा राघोबा राणे, १९४८ च्या एप्रिलमध्ये त्यांनी जम्मूकडच्या नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि आडवी पाडलेली पाइनची झाडं काढून रणगाड्यांना वाट करून दिली आणि त्यांना परमवीर चक्र मिळालं. राण्यांचं नाव काढलं की आबा बसल्या जागी ताठ व्हायचे.

पंधरा वर्षं नोकरी, दर महिन्याला घरी मनीऑर्डर, १९५८ ला पेन्शन घेऊन परत आले ते थेट सुतारनेटावर, म्हणजे सुताराच्या कामाच्या जागेवर. पहिलं काम आत्याच्या बारशाचा पाळणा, सागवानी, आमच्या घरातली सगळी पोरं त्यातच झोपली.

मला आबा आठवतात ते पाभरीचं चाडं करताना. पाभर म्हणजे पेरणीचं औत आणि चाडं म्हणजे त्यावरचं लाकडी वाडगं, त्यात सोडलेलं बी तळाच्या भोकांतून खाली जातं. भोकं सारखी पडली नाहीत तर पेरणीच्या एका ओळीत बी दाट आणि एका ओळीत विरळ, म्हणून आबा सामत्याने भोकं पाडून झाली की मूठभर ज्वारी चाड्यात सोडायचे, खाली तीन वाट्या ठेवायच्या आणि आम्हा पोरांना प्रत्येक वाटीतले दाणे मोजायला लावायचे. दोन-चार दाण्यांचा फरक निघाला तरी परत पटाशी हातात.