लिव्हरच्या पेशींत जीन का शिरत नव्हता, थोडा मागचा इतिहास

गोवा युनिव्हर्सिटीत, ताळगाव पठारावर बायोटेक शिकणारी पोरं ट्रान्सडक्शन, म्हणजे व्हायरसकरवी पेशीत जीन घालणं, कमी आलं की पहिला संशय व्हायरसवरच घेतात, टायटर (व्हायरसचं प्रमाण) पडला असेल, व्हायरसचा साठा जुना असेल वगैरे. असेलही. पण या विषयाचा इतिहास बघितला तर घोडं बऱ्याचदा पेशीपाशीच अडलंय, म्हणून हे लिहितोय.

१९६९ मध्ये बेरी आणि फ्रेंड यांनी उंदराच्या लिव्हरमध्ये कोलॅजिनेज (पेशींना धरून ठेवणारं कोलॅजन तोडणारं एन्झाइम) सोडून पेशी सुट्ट्या करायची पद्धत दिली, सेगलेनने १९७६ मध्ये ती दोन टप्प्यांत नीट बसवली. आधी पोर्टल व्हेनमधून, म्हणजे लिव्हरला रक्त नेणाऱ्या शिरेतून, कॅल्शियम नसलेलं बफरचं द्रावण, त्याने पेशींची एकमेकींवरची पकड सुटते, मग कोलॅजिनेज, लिव्हर लिबलिबीत होतं आणि हलक्या हाताने हलवलं की पेशी बाहेर. पेशी मिळाल्या खऱ्या पण डिशमध्ये त्या फारशा विभागत नाहीत आणि काही दिवसांत लिव्हरचे गुणही सोडायला लागतात.

त्यावेळी जीन आत न्यायला हाताशी होता उंदराच्या ल्युकेमियाचा रेट्रोव्हायरस, आणि त्याने आणलेला जीन न्यूक्लियसमध्ये पोचतो तो पेशी विभागताना, न्यूक्लियसचं आवरण विरघळतं तेव्हा. विभाजन नाही म्हणजे रस्ताच बंद! मग ईजीएफ, एचजीएफ ही वाढीला चालना देणारी प्रोटीन्स देऊन पेशींना विभाजनाला लावायचं, वर पॉलिब्रीन हे धन भाराचं रसायन घालायचं, कारण व्हायरस आणि पेशी दोघांवरही ऋण भार, ते एकमेकांना ढकलतात, आणि पॉलिब्रीनच्या धन भाराने ते ढकलणं कमी होतं.

याच जोरावर १९९२ मध्ये जेम्स विल्सनच्या टीमने मिशिगनमध्ये २९ वर्षांच्या एका बाईच्या लिव्हरचा भाग काढला, पेशी वाढवून त्यांत एलडीएल रिसेप्टरचा (रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पेशीत ओढणाऱ्या प्रोटीनचा) जीन घातला आणि पोर्टल व्हेनमधून त्या परत सोडल्या. त्या बाईच्या हिमतीला खरंच सलाम. एलडीएल उतरलं, पण हवं तेवढं नाही, जीन घेतलेल्या पेशीच कमी होत्या.

१९९६ ला नाल्दिनी आणि सहकाऱ्यांनी एचआयव्हीपासून केलेला लेंटिव्हायरस वेक्टर, म्हणजे जीन वाहून नेणारा व्हायरस, दाखवला, जो न विभागणाऱ्या पेशीतही जातो, तिथून चित्र पालटलं. त्याच्या आवरणावरचं व्हीएसव्ही-जी हे दुसऱ्या व्हायरसचं प्रोटीन टणक, सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवून व्हायरस दाट करता येतो.

तरी सगळं सुटलं असं नाही. हेपजीटू ही अर्जेंटिनातल्या १५ वर्षांच्या मुलाच्या लिव्हरच्या ट्यूमरपासूनची सेल लाइन (लॅबमध्ये सतत वाढवता येणाऱ्या पेशी), लॅबोलॅबी वापरतात, पण हेपटायटिस बीचा व्हायरस तिच्यात शिरायलाच तयार नव्हता. २०१२ मध्ये बीजिंगच्या ली वेनहुईच्या टीमने एनटीसीपी हा त्या व्हायरसचा रिसेप्टर (ज्याला धरून तो आत शिरतो ते पेशीवरचं प्रोटीन) शोधला, तो हेपजीटूत घातला आणि इन्फेक्शन लागलं. व्हायरस तोच होता, कमी होती ती पेशीवरच्या एका प्रोटीनची.

जीन न्यायला वापरतात त्या एएव्ही या छोट्या व्हायरसचंही तसंच, त्याचा एक प्रकार एएव्ही८ उंदराच्या लिव्हरमध्ये जोरदार चालतो, माणसाच्या लिव्हर पेशींत तेवढा नाही. म्हणून स्टॅनफर्डच्या मार्क के यांच्या लॅबने माणसाच्या लिव्हर पेशी बसवलेल्या उंदरांतच एएव्हीचे कॅप्सिड (व्हायरसची प्रोटीनची कवचं) निवडून काढले, त्यातला एलके०३ २०१४ मध्ये छापून आला.