बीजगणित ‘डोक्यात शिरत नाही’, ते का?

‘बीजगणित हुशार मुलांचंच, बाकीच्यांच्या डोक्यात ते शिरत नाही’ हे पिढ्यानपिढ्या ऐकवलं जातं. खरं नाही ते. पाचवीच्या वर्गात 8 + 4 = □ + 5 देऊन बघा. बरीच मुलं चौकटीत 12 लिहितात, काही जण 17. उत्तर आहे 7. पहिलीपासून बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ एवढंच त्यांनी पाहिलेलं असतं. पुढे 3क्ष + 5 = 20 आलं की ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हा मंत्र पाठ होतो. दोन्ही बाजूंतून 5 वजा झाले, हे राहूनच जातं.

म्हणजे चूक पेरली जाते प्राथमिकला, उगवते माध्यमिकला, आणि दोन्हीकडचे शिक्षक क्वचितच एकत्र बसतात. जपानमध्ये ‘जुग्यो केन्क्यू’ ही पद्धत शंभराहून अधिक वर्षं चालत आली आहे. शिक्षक मिळून एक तास आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे शिकवणाऱ्याकडे कमी आणि मुलांच्या वह्यांकडे जास्त बघतात. मग चर्चा. (मुलं नेमकी कुठे अडली याची, बाईंचं अक्षर कसं होतं याची नव्हे!) आपल्याकडे केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षकांसाठी शिक्षण परिषदा आहेतच. परिपत्रकं वाचण्याआधी तिथे पाचवीच्या आणि आठवीच्या वह्या शेजारी-शेजारी ठेवून बघायला काय हरकत आहे?