जार फाइलची पार्श्वभूमी: अ‍ॅप्लेटच्या गाठोड्यापासून चालत्या प्रोग्रॅमपर्यंत

जार फाइल म्हणजे जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या प्रोग्रॅमच्या फाइलींचं एकच गाठोडं. जानेवारी १९९६ मध्ये जावा १.० आली तेव्हा तिचा बोलबाला अ‍ॅप्लेटमुळे होता. वेबपेजमधला हा छोटा प्रोग्रॅम ब्राउझर सर्व्हरवरून उतरवून घेई आणि तिथेच चालवी. पण जावाचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड चालवण्याजोग्या रूपात बदलणारं टूल, प्रत्येक क्लासची (प्रोग्रॅमच्या एकेका घटकाची) वेगळी फाइल बनवतो आणि ब्राउझर प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे मागत असे. तीस क्लास असले की तीस खेपा, त्याही मोडेमच्या वेगाने. नेटस्केप नॅव्हिगेटर ३.० ने न दाबलेली (आकार कमी न केलेली) झिप फाइल, म्हणजे अनेक फाइलींचं एक गाठोडं, स्वीकारून यावर तोड काढली, तर मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररसाठी कॅब फाइल हे स्वतःचं गाठोडं आणलं. त्यामुळे एकाच अ‍ॅप्लेटची दोन गाठोडी बांधावी लागत.

फेब्रुवारी १९९७ मधल्या जेडीके १.१ (जावाचा विकास-संच) सोबत जावाची निर्माती कंपनी सन मायक्रोसिस्टिम्सने जार आणली. त्यासाठी नवा फॉरमॅट न घडवता त्यांनी फिल कॅट्झ यांचा १९८९ पासून चालत आलेला झिप फॉरमॅटच घेतला आणि वर मेटा-इन्फ फोल्डरातल्या मॅनिफेस्टची, म्हणजे जारची माहिती देणाऱ्या फाइलची, भर घातली. जावाच्या इतिहासातला हा फार शहाणा निर्णय होता असं मला वाटतं. युनिक्सच्या टार-जीझिपमध्ये सगळा ऐवज एका प्रवाहात दाबला जातो, त्यामुळे मधली एक फाइल हवी असली तरी तिच्या आधीचं सगळं उलगडावं लागतं. झिप प्रत्येक फाइल वेगळी दाबते आणि कोणती फाइल कुठे आहे याची यादी शेवटी ठेवते. क्लास मेमरीत आणणाऱ्या क्लासलोडरला नेमकं हेच लागतं, कारण तो गरज पडेल तसा एकेक क्लास मागतो.

झिप लिहिण्या-वाचण्याची लायब्ररी १.१ मध्येच आली. डिसेंबर १९९८ च्या १.२ मध्ये मॅनिफेस्ट आणि जारआउटपुटस्ट्रीम हे क्लास आले, त्याच आवृत्तीत दिलेल्या पत्त्यावरून क्लास आणणारा यूआरएलक्लासलोडरही. म्हणजे चालता प्रोग्रॅम स्वतः जार बांधू शकत होता आणि तीच जार लगेच लोडही करू शकत होता. मधला दुवा मात्र नव्हता: कंपाइल करायचं कसं? जेएसपी पेजचं (जावा कोड मिसळलेल्या वेबपेजचं) जावात रूपांतर करणाऱ्या सर्व्हरना याची रोजची गरज होती. त्यासाठी जावाक हा जावाचा कंपायलर वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायचा, नाहीतर सनच्या अंतर्गत क्लासना हात घालायचा. प्रमाणित मार्ग मिळाला तो डिसेंबर २००६ मध्ये, जावा ६ च्या कंपायलर एपीआयने, म्हणजे कोडमधूनच कंपायलर वापरण्याच्या सोयीने. त्यातला फाइल मॅनेजर आपण लिहिला, तर बाइटकोड (कंपाइल झालेला कोड) डिस्कला न शिवता थेट मेमरीत मिळतो आणि तिथून जारमध्ये जातो.

जुन्या फॉरमॅटचे नियम मात्र आजही पाळावे लागतात, आणि ते मोडले तरी जार बांधताना बहुधा काहीच तक्रार येत नाही. जारमधल्या प्रत्येक नोंदीच्या, म्हणजे आतल्या फाइलच्या, नावात तिरकी रेघ पुढे झुकलेलीच हवी. विंडोजच्या पाथमधली उलटी रेघ तशीच राहिली तर फाइल बनते, पण क्लास सापडत नाही. मॅनिफेस्टमध्ये आवृत्ती नोंदवली नाही तर मेन-क्लाससकट (प्रोग्रॅम कुठून सुरू करायचा ती नोंद) मुख्य भागच लिहिला जात नाही. मॅनिफेस्ट जारच्या सुरुवातीला नसेल तर जार वाचणाऱ्या जारइनपुटस्ट्रीमला तो दिसत नाही. शिवाय प्रत्येक नोंदीला वेळ चिकटते. ती ठरावीक दिली नाही तर तेच क्लास दुसऱ्यांदा बांधल्यावर फाइल बाइटन्‌बाइट जुळत नाही.

लोड करण्याच्या बाजूलाही एक दुखणं बरीच वर्षं रेंगाळलं. यूआरएलक्लासलोडर जार उघडीच धरून ठेवत असे, त्यामुळे विंडोजवर ती पुसता किंवा बदलता येत नसे. २०११ च्या जावा ७ मध्ये त्याला क्लोज ही मेथड मिळाली. त्याच आवृत्तीत झिप फाइल सिस्टिमही आली आणि जारमधल्या फाइली साध्या फोल्डरातल्यासारख्या हाताळता येऊ लागल्या.

२०१७ च्या जावा ९ ने दोन गोष्टी केल्या. टूलप्रोव्हायडर या सोयीमुळे जार फाइल बांधणारं जार हे टूल वेगळी प्रोसेस न काढता कोडमधून चालवता येऊ लागलं. दुसरीकडे, अ‍ॅप्लिकेशनचा मूळ क्लासलोडर यूआरएलक्लासलोडर राहिला नाही. त्याला रिफ्लेक्शनने (चालू असताना क्लासच्या आतल्या भागांना हात घालण्याच्या सोयीने) नवी जार चिकटवण्याची कित्येक प्रकल्पांत रुळलेली युक्ती त्यामुळे बंद पडली. आता नव्या जारसाठी स्वतःचा क्लासलोडर उभा करायचा, मूळ लोडर त्याचा पालक म्हणून द्यायचा आणि काम झालं की नवा लोडर बंद करायचा.