क्रॅनबेरी : हिवाळी जलावरण

क्रॅनबेरीचे वेल हिवाळाभर पाण्याखाली वा बर्फाखाली ठेवून जपण्याची पद्धत. हा वेल (व्हॅक्सिनियम मॅक्रोकार्पन, कुल एरिकेसी) मूळचा उत्तर अमेरिकेतील, जमिनीलगत पसरणारा व सदापर्णी आहे. ही पद्धत अमेरिकेत मुख्यतः विस्कॉन्सिन, मॅसॅच्यूसेट्स व न्यू जर्सी या राज्यांत रूढ आहे. ऑरेगनच्या किनाऱ्यावर हिवाळा सौम्य असल्याने तिची सहसा गरज पडत नाही. काढणीच्या वेळी पाण्यावर तरंगणाऱ्या लाल फळांच्या छायाचित्रांमुळे क्रॅनबेरी पाण्यातच वाढते असा समज झाला आहे, पण ती जलवनस्पती नव्हे.

लागवडीच्या आरंभाचे श्रेय मॅसॅच्यूसेट्सच्या केप कॉड द्वीपकल्पावरील डेनिस गावच्या हेन्री हॉल यांना दिले जाते. वाऱ्याने वाळू उडून पडलेले रानवेल अधिक जोमाने वाढतात, हे त्यांच्या लक्षात आले. यासाठी १८१६ हे वर्ष परंपरेने सांगतात. १८१० ते १८२० हे दशक म्हणणे अधिक सुरक्षित. मात्र ही कथा वाळूची आहे, पाण्याची नव्हे. रानवेल मुळातच हिवाळ्यात पाणी साचणाऱ्या खोलगट पाणथळीत वाढत. तेव्हा जलावरण हा कोणा एकाचा शोध नसून निसर्गस्थितीचे अनुकरण असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

वेल गारठून मरतात, ही समजूतही अपुरी आहे. सुप्तावस्थेतील कळ्या बरीच थंडी सोसतात. पण मुळांभोवतीची जमीन गोठली की पाणी वर चढत नाही आणि कोरडा वारा सदापर्णी पानांतील ओलावा ओढून नेतो. म्हणून बर्फाबाहेर राहिलेले शेंडे वसंतात वाळक्या गवतासारखे तपकिरी दिसतात, तर खालची पाने थंडीतला तांबूस-जांभळा रंग टाकून पुन्हा हिरवी होतात.

साधारणतः डिसेंबरात, जमीन गोठू लागली की बांधाच्या दारात फळ्या बसवून वेल बुडेपर्यंत पाणी चढवतात. बर्फाखालच्या पाण्यात वेलींचे श्वसन चालूच असते. निवळ बर्फातून प्रकाश पोचतो तोवर पाने प्रकाशसंश्लेषणाने ऑक्सिजन भरून काढतात. वर हिम साचले की अंधार होतो. पाण्यातील ऑक्सिजन लिटरला सु. ४ घ. सेंमी.च्या खाली गेल्यास पाने गळतात, कळ्या मरतात. यावर उपाय म्हणजे बर्फ तसाच ठेवून खालचे पाणी काढून टाकणे. विस्कॉन्सिनमध्ये पाणी थराथराने गोठवून वेल घट्ट बर्फातच ठेवतात. काही वर्षांच्या अंतराने या बर्फावर ट्रकने वाळूचा पातळ थर पसरतात. बर्फ वितळला की ती वेलींवर बसते, आडव्या फांद्यांना नवी मुळे फुटतात.

मॅसॅच्यूसेट्समध्ये पाणी साधारणतः मार्चमध्ये काढतात. त्यानंतर वसंतात दव गोठवणाऱ्या थंडीपासून बचावासाठी पूर्वी पुन्हा पाणी भरत. आता रात्री तुषार सिंचन चालवतात, पाणी गोठताना बाहेर पडणारी सुप्त उष्णता कोंबांना वाचवते.