ऑनलाइन लिलावविक्री

वस्तूची किंमत आधी न ठरवता ती इंटरनेटवर ठरावीक मुदतीसाठी बोलीला लावायची आणि मुदत संपताच सर्वांत मोठी बोली लावणाऱ्या गिऱ्हाइकाला पाठवायची, या व्यवसायाला ऑनलाइन लिलावविक्री म्हणतात. ‘लिलाव’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. गोव्यात सोपोच्या, म्हणजे बाजारकराच्या, वसुलीसाठी जी बोली लागते तिला आजही पावणी म्हणतात. लासलगावचा कांदा किंवा देवळातले नारळ बोलीवर जाताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना बोली म्हणजे काय हे नव्याने सांगायला नको. मात्र येथे माल हाताळता येत नाही आणि विकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. धंद्यातले बहुतेक नियम, युक्त्या आणि लबाड्या याच दोन अडचणींतून निघाल्या आहेत.

या व्यवसायाला रूप दिले ते अमेरिकेतल्या ‘ईबे’ने. पिअर ओमिड्यार या संगणक अभियंत्याने सप्टेंबर १९९५ मध्ये ‘ऑक्शनवेब’ नावाने ते संकेतस्थळ सुरू केले. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू होती एक बिघडलेला लेझर पॉइंटर. तो १४.८३ डॉलरला गेला आणि घेणारा बिघडलेले पॉइंटरच जमवणारा निघाला. १९९७ मध्ये ‘ईबे’ हे नाव आले, १९९८ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. सुरुवातीच्या वर्षांत धंदा उभा राहिला तो हौशी संग्राहकांच्या मालावर: नाणी, तिकिटे, जुनी पोस्टकार्डे आणि त्या काळी अमेरिकेत वेड लावणारी ‘बीनी बेबी’ ही कापडी खेळणी.

बोलीची यंत्रणा नीट समजून घ्यावी, कारण नवखा विक्रेता इथेच फसतो. गिऱ्हाईक आपली कमाल रक्कम संकेतस्थळाला सांगून ठेवते आणि ती इतरांना दिसत नाही. रुमालाखाली बोटे दाबून भाव करण्याच्या जुन्या रीतीची आठवण व्हावी असा हा प्रकार, फक्त येथे रुमालाखाली हात घालतो तो संगणक. समजा एकाने ५० डॉलर सांगून ठेवले आणि दुसऱ्याने ७२. त्या टप्प्यात बोली एकेका डॉलरने चढते, म्हणून वस्तू ५१ ला जाते. ७२ देण्याची तयारी असलेला माणूस हाताशी असूनही विक्रेत्याच्या पदरात ५१ च पडतात. थोडक्यात, भाव हरलेला ठरवतो. अर्थशास्त्रज्ञ विल्यम व्हिक्री यांनी १९६१ मध्ये अशा लिलावाचा सिद्धान्त मांडला, पण टपालाने तिकिटे विकणारे व्यापारी एकोणिसाव्या शतकापासून ही रीत वापरत होते.

म्हणून वस्तू बोलीला लावण्याआधी दुसरे गिऱ्हाईक आहे का, हे पाहावे लागते. ज्याचा भाव कुठल्याही दुकानात कळतो तो मोबाइलचा चार्जर लिलावात घालणे शुद्ध वेडेपणा. तो ठरल्या किमतीलाच विकावा. याउलट सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया घ्या. तो दुर्मिळ आहे, त्याच्या मागे असणारे लोक बरेच आहेत, आणि नेमकी किंमत कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. असा नग लिलावासाठीच जन्माला आलेला असतो.

पण तो मांडायचा कसा? ‘खूप जुने दुर्मिळ नाणे’ असे शीर्षक काहीच सांगत नाही. साल, राजा, धातू, वजन हे शब्द शीर्षकातच हवेत, कारण शोधणारा तेच टाइप करतो. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे छायाचित्र द्यावे, नाणे काट्यावर ठेवून ११.६६ ग्रॅमचा आकडा दिसेल असे एक द्यावे, आणि सालातल्या शेवटच्या नवाचे अगदी जवळून एक, कारण १९३८ च्या आठाचा नऊ केलेले बनावट नग फिरत असतात. कडेला ठोका असेल तर तो आपणहून लिहावा. लपवलेला ठोका परत आलेल्या पार्सलमधून सापडतो. नाणे चिंचेने किंवा पॉलिशने घासून चकचकीत करणे ही हमखास होणारी चूक. संग्राहक ती चकाकी पाहूनच नग सोडून पुढे सरकतो. सुरुवातीची बोली कमी ठेवली की लोक गोळा होतात, पण त्यांत तयारीची दोन गिऱ्हाइके नसली तर मातीमोल भावाने माल जातो. म्हणून नफा खरा पक्का होतो तो खरेदी करतानाच.

न दिसणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास बसावा म्हणून ईबेने १९९६ मध्ये एकमेकांना शेरे देण्याची सोय केली. जुन्या पोस्टकार्डांवर झालेल्या एका प्रयोगात एकाच विक्रेत्याचा तोच माल नव्या नावाने आणि नावाजलेल्या जुन्या नावाने विकून पाहिला, तेव्हा जुन्या नावाला सुमारे ८ टक्के जास्त मिळाले. वाईट शेऱ्याला वाईट शेरा, अशी सूडबुद्धी वाढल्यावर २००८ मध्ये विक्रेत्याचा गिऱ्हाइकाला वाईट शेरा देण्याचा हक्कच काढला गेला. विक्रेते तेव्हा भडकले होते, आणि त्यांचे अगदीच चुकत होते असे म्हणता येत नाही.

लबाडीत सर्वांत जुनी म्हणजे आपल्याच माणसाकडून बोली चढवून घेणे. वस्तू दोन डॉलरला आणि टपालखर्च वीस डॉलर, ही दुसरी. गिऱ्हाइकांची खोड वेगळी: शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकून इतरांना चढवायला वेळच द्यायचा नाही. हिला कायद्याने किंवा नियमाने बंदी नाही. ॲमेझॉनच्या एकेकाळच्या लिलावांत उशिरा बोली आली की मुदत आपोआप वाढे, त्यामुळे तेथे हा प्रकार बराच कमी आढळे.

भारतात २००० साली मुंबईत ‘बाझी डॉट कॉम’ सुरू झाले. ते २००४ मध्ये ईबेने सुमारे ५ कोटी डॉलरला घेतले. त्याच वर्षी एका विक्रेत्याने मांडलेल्या अश्लील चित्रफितीवरून कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली. दुसऱ्याने मांडलेल्या मालाची जबाबदारी संकेतस्थळावर किती, हा प्रश्न त्यातून पुढे आला आणि २००८ च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील दुरुस्तीत मध्यस्थांना संरक्षण मिळाले. ईबे इंडिया २०१७ मध्ये फ्लिपकार्टकडे गेले आणि २०१८ मध्ये बंद झाले. तोवर जगभरच लोकांना आठवडाभर थांबण्यापेक्षा ‘आत्ताच घ्या’चे बटण सोयीचे वाटू लागले होते.

भारतातल्या विक्रेत्याने १९७२ चा पुरावस्तू कायदाही पाहावा. शंभर वर्षे झालेले नाणे पुरावस्तू ठरते; त्याच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. १९३९ चा रुपया यातून अजून सुटतो, १९१८ चा सुटत नाही. परवानाधारक लिलावगृहे आता ऑनलाइनही बोली घेतात. हौशी मंडळींचे लिलाव व्हॉट्सॲपच्या गटांत भरतात: रात्री दहाची वेळ दिलेली, फोटोखाली आकडे चढत जातात, आणि जिंकून पैसे न देणाऱ्याला ॲडमिन दुसऱ्या दिवशी गटातून काढून टाकतो.